‘गोपनीयता’ या शब्दाने केलेला घोटाळा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या ग्रामसभेत घडलेली एक गोष्ट आपल्या वृत्तपत्राद्वारे गोव्यातील वाचकांपुढे मांडावी, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे, याची मला जाणीव आहे. पण हा विषय आजवर दोन-दोन ओळींच्या संदेशांतूनच लोकांपर्यंत पोचला आणि त्यामुळेच तो इतका गढूळ झाला, असे माझे मत आहे.

आमच्या वाड्यामागच्या डोंगराचा उतार कापून तिथे एका मोठ्या इमारतीचे काम सुरू झाले आहे. ग्रामसभेत एका तरुण ग्रामस्थाने उठून विचारले की, या बांधकामाचा परवाना कोणाच्या नावावर आहे, तो किती सदनिकांसाठी आहे आणि पंचायत मंडळाने तो कोणत्या बैठकीत मंजूर केला. समोरून उत्तर आले, “ती आता वैयक्तिक माहिती झाली. नवीन डेटा कायदा आला आहे, आम्हाला ती सांगता येणार नाही.” सभेत थोडी कुजबुज झाली, मागच्या रांगेतून कोणीतरी “कायदाच तसा आहे तर काय करणार” असे म्हणाले आणि इतिवृत्तात पुढचा विषय सुरू झाला. मी मामलेदार कचेरीतून निवृत्त झाले आहे. माहिती अधिकाराचे अर्ज हाताळण्याचे काम शेवटची अनेक वर्षे माझ्याकडे होते. ते उत्तर चुकीचे आहे हे मला तिथल्या तिथे कळत होते. तरी उठून बोलेपर्यंत विषय बदललेला होता, याची रुखरुख मला आजही आहे.

त्याच आठवड्यात पेन्शनच्या कागदांच्या प्रती काढण्यासाठी मी बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. मुलाने हिशेब एका कागदाच्या पाठीमागे केला आणि तोच कागद बिल म्हणून माझ्या हातात दिला. मी तो उलटून पाहिला, तर पुढच्या बाजूला एका बाईंच्या आधार कार्डाची प्रत होती. शाई डावीकडे फासली गेल्यामुळे फोटो काळा पडला होता. परंतु बाराही अंक, जन्मतारीख, नवऱ्याचे नाव, घराचा क्रमांक आणि वाडा हे सगळे स्वच्छ वाचता येत होते. त्या बाईंना मी ओळखत नाही, पण त्या कागदावरून मी त्यांच्या दारापर्यंत विचारत न जाता पोचू शकले असते. मुलाला विचारले, तेव्हा तो अगदी सरळपणे म्हणाला, “बाई, खराब निघालेल्या कॉपी आहेत, कागद फुकट कशाला घालवायचा?” काउंटरखालच्या खोक्यात तसे आणखी बरेच कागद होते. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. आपण कोणाचे काही हिसकावून घेत आहोत, हे त्याला कोणी कधी सांगितलेलेच नव्हते.

या दोन प्रसंगांच्या मागे एकच गैरसमज आहे आणि त्याची सुरुवात, माझ्या मते, आपण वापरत असलेल्या शब्दापासून होते. ज्याला आपण ‘गोपनीयतेचा अधिकार’ म्हणतो, त्यातला ‘गोपनीयता’ हा शब्द मराठी माणसाने मुळात सरकारी कारभाराच्या संदर्भात ऐकलेला आहे. मंत्री ‘पद आणि गोपनीयतेची’ शपथ घेतात. कर्मचाऱ्यांचा ‘गोपनीय अहवाल’ लिहिला जातो. लाखेने बंद केलेल्या पाकिटावर ‘गोपनीय’ असा शिक्का असतो. या सगळ्या ठिकाणी गोपनीयता म्हणजे सत्तेने लोकांपासून राखून ठेवलेली गोष्ट. त्यामुळे नवीन कायदा ‘गोपनीयतेसाठी’ आला आहे, असे कानावर पडताच लोकांना वाटते की, कचेरीतल्या कपाटाला आणखी एक कुलूप लागले. खरे तर हा हक्क नेमक्या उलट दिशेचा आहे. तो कपाटाबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा आहे आणि सत्ता असो वा धंदा, त्याच्या आयुष्यात विनाकारण शिरू नये, यासाठी आहे. त्याला ‘खासगीपणाचा हक्क’ म्हटले असते, तर निम्मा घोटाळा टळला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

हा हक्क आपल्याकडे कसा आला, हे पाहिले तरी त्याची दिशा कळते. उत्तर प्रदेशात खडक सिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा आरोप होता. पुरावा न मिळाल्यामुळे तो सुटला, पण पोलिसांनी त्याच्या नावाची पाळतीची फाईल उघडली आणि वेळी-अवेळी, रात्री-अपरात्री शिपाई त्याचे दार ठोठावून तो घरात आहे का ते पाहू लागले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये सहा न्यायाधीशांच्या पीठाने रात्रीच्या त्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या. मात्र खासगीपण हा घटनेने हमी दिलेला हक्क आहे, असे मानायला बहुमताने नकार दिला. त्याआधी १९५४ मध्ये आठ न्यायाधीशांच्या पीठानेही त्याच अर्थाचे मत नोंदवले होते. पुढे आधारच्या सक्तीविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये याचिका केली, तेव्हा केंद्र सरकारने याच जुन्या निकालांचा आधार घेऊन असा हक्कच नाही, असा युक्तिवाद केला. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने ठरवले की, खासगीपण हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. नागरिकाच्या दाराशी पोलीस उभा राहिला, म्हणून जो प्रश्न निर्माण झाला, त्याचे हे पंचावन्न वर्षांनी मिळालेले उत्तर होते. त्याच हक्काचे नाव घेऊन पंचायतीने नागरिकाला दाराबाहेर ठेवावे, हे मला असह्य वाटते.

आता ग्रामसभेतल्या उत्तराकडे वळते. त्या उत्तरात एक कण सत्याचा आहे आणि म्हणूनच ते पसरत चालले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला आणि त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी या कलमाखाली सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा उघड केल्याने माणसाच्या खासगी आयुष्यात विनाकारण शिरकाव होईल, अशी वैयक्तिक माहितीच तेवढी नाकारता येत असे. व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागे. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे एक फार सुंदर वाक्य त्याखाली होते. नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळे गेले आणि ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द उरले. ही दुरुस्ती मला चुकीची वाटते आणि ती तशी वाटते, हे मी लपवत नाही. जिने स्वतः १९९७ मध्ये, म्हणजे देशाचा कायदा येण्याच्या आठ वर्षे आधी, आपला माहिती अधिकाराचा कायदा केला, त्या गोव्याच्या विधानसभेकडून तरी या दुरुस्तीविरुद्ध मोठा आवाज उठायला हवा होता.

परंतु दुरुस्ती झाली म्हणून सगळे दरवाजे बंद झाले, हे खरे नाही आणि हेच लोकांना सांगितले जात नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) जसेच्या तसे आहे: जपायच्या हिताला होणाऱ्या हानीपेक्षा माहिती उघड करण्यातले जनहित मोठे असेल, तर सार्वजनिक प्राधिकरणाला ती देता येते. कलम ४ ही जसेच्या तसे आहे. त्यात कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रत्येक कचेरीने स्वतःहून प्रसिद्ध करायच्या गोष्टींची यादी आहे आणि आपण दिलेल्या सवलती, परवाने व अधिकारपत्रे कोणाला मिळाली, त्यांचा तपशील हा त्या यादीतला एक स्पष्ट विषय आहे. म्हणजे ग्रामसभेत त्या तरुणाने जे विचारले, ते विचारण्याची वेळच यायला नको होती. ते पंचायतीच्या फलकावर आधीच असायला हवे होते. शिवाय परवान्याचा क्रमांक, तारीख आणि तो देणारे प्राधिकरण लिहिलेला फलक बांधकामाच्या जागी ठळकपणे लावावा, ही अट आपल्याकडच्या परवान्यांत नेहमी घातलेली असते. मोठ्या गृहप्रकल्पांचा आणि ते उभारणाऱ्यांचा तपशील रेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. आणि इमारत एखादी कंपनी बांधत असेल, तर वैयक्तिकपणाचा मुद्दाच उरत नाही, कारण डेटा कायद्याने संरक्षण दिले आहे ते हाडामांसाच्या माणसाच्या माहितीला.

कचेरीत असताना मला एक गोष्ट हाताने शिकायला मिळाली, ती इथे सांगते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० प्रमाणे एखाद्या कागदातला थोडा भाग न देण्यासारखा असेल, तर तेवढाच वगळून बाकीचा कागद द्यायचा असतो. म्हणून अर्जदाराला नस्तीची प्रत देताना आम्ही त्यातला एखाद्याचा फोन क्रमांक, बँक खाते किंवा आजाराचा उल्लेख काळ्या शाईने खोडत असू. सुरुवातीला एका वृद्ध अर्जदाराने ती प्रत खिडकीकडे धरली आणि खोडलेला क्रमांक मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या दिवसापासून मी खोडलेल्या कागदाची पुन्हा एकदा झेरॉक्स काढून ती दुसरी प्रतच देऊ लागले. उजेडाला धरली तरी तीत काही दिसत नसे. लोकांना हवी असलेली माहिती देणे आणि माणसाची खासगी बाब जपणे, ही दोन्ही कामे एकाच कागदावर, एकाच टेबलावर होऊ शकतात, हे मी वर्षानुवर्षे केले आहे. ‘देता येणार नाही’ हे उत्तर सोपे असते, एवढेच.

जमिनीच्या कागदांबाबत तर हे फार महत्त्वाचे आहे. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद, गोव्यात कोणालाही काढता येतो, त्यावर कब्जेदाराचे नाव असते, आणि ‘माझे नाव कोणालाही कसे दिसते, हा माझ्या प्रायव्हसीचा भंग आहे’ अशी तक्रार मी अलीकडे दोन-तीनदा ऐकली. जमिनी बळकावण्याच्या प्रकरणांसाठी २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्य आयोगही नेमावा लागला, हे आपण विसरता कामा नये. परदेशी गेलेल्या किंवा वारलेल्या मालकांच्या जमिनी बनावट कागदांवर विकल्या जात असतील, तर शेजाऱ्याला, भावबंदाला तो उतारा पाहता येणे हेच मालकाचे संरक्षण आहे. पण त्याच जमिनीच्या विक्रीखतावर अंगठ्याचा ठसा असतो आणि तो मात्र कोणालाही दिसता कामा नये. तेलंगणात २०१८ मध्ये एकाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या दस्तऐवजांतून ठसे उचलून त्यांचे रबरी साचे केले आणि त्यांवर सिम कार्डे सुरू करून घेतल्याचे उघडकीस आले होते. मालकाचे नाव उघडे, अंगठा झाकलेला. रेषा कागदाच्या आतून जाते. संपूर्ण कागद उघडा टाकणे जितके चूक, तितकेच तो संपूर्ण कुलपात ठेवणेही चूक. आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाची पहिली सही झाली की हरकतींसाठी नोटीस लागते. लग्नाहून खासगी काय असणार? तरीही ती लागते, कारण दुसऱ्या कोणाची फसवणूक होऊ नये.

आता आपल्या घरातल्या गैरसमजांविषयी. ‘माझे फोटो आणि माहिती वापरण्यास मी फेसबुकला परवानगी देत नाही’ अशा घोषणेचा संदेश दर काही महिन्यांनी आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरतो आणि शिकलेली माणसेही तो आपल्या भिंतीवर डकवतात. त्यात कधी कधी रोमच्या कराराचा दाखला असतो. तो करार वंशसंहार आणि युद्धगुन्हे यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा आहे, आणि भारताने त्यावर सहीच केलेली नाही. खाते उघडताना मान्य केलेल्या अटी असल्या घोषणेने रद्द होत नाहीत. बदलता येतात त्या फक्त फोनच्या सेटिंगमधल्या परवानग्या, आणि तिथे कोणी जात नाही. याउलट, जी माहिती आपण स्वतःच सर्वांसाठी जाहीर करतो, तिला नवा डेटा कायदा लागूच होत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. वाढदिवसाच्या पोस्टखाली आपला फोन क्रमांक लिहिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

दुसरा गैरसमज शेजाऱ्यांच्या भांडणात दिसतो. ‘तू माझा फोटो ग्रुपवर टाकलास, आता अडीचशे कोटींचा दंड होईल’ असे एक गृहस्थ दुसऱ्याला सांगताना मी ऐकले. अडीचशे कोटींपर्यंतचा दंड कायद्यात आहे, पण तो माहिती सुरक्षित ठेवण्याची पुरेशी काळजी न घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. एखाद्याने आपल्या व्यक्तिगत किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. याचा अर्थ कोणाचाही कसाही फोटो काढावा, असा मुळीच नाही. स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई ही आहे. गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये पर्यटकांना सूचना दिली होती की, किनाऱ्यावर ऊन घेत असलेल्या किंवा पोहणाऱ्या अनोळखी व्यक्तींचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय काढू नयेत. तेव्हा ‘सार्वजनिक जागेत कसली प्रायव्हसी?’ असे अनेकांनी म्हटले. त्याचे उत्तर २०१७ च्या निकालातच आहे. खासगीपण माणसाला चिकटलेले असते, जागेला नाही. किनाऱ्यावर आला म्हणून माणूस ते घरी ठेवून येत नाही.

तिसरा गैरसमज मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो, कारण तो आपल्या पोटापाण्याशी निगडित आहे. हा कायदा गूगल, फेसबुक अशा मोठ्या कंपन्यांसाठी आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे सर्रास समजले जाते. माझ्या नात्यातल्या एका कुटुंबाचे पेडणे तालुक्यात चार खोल्यांचे अतिथीगृह आहे. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारी फॉर्ममध्ये भरून कळवावी लागते, भारतीय पाहुण्याचेही ओळखपत्र पाहावे लागते. हे सारे ते इमानेइतबारे करतात. गेल्या चतुर्थीला भाच्याने गणपतीचे फोटो दाखवायला फोन माझ्या हातात दिला आणि मी बोट सरकवत गेले, तर मखराचा फोटो, मग कोणाचा तरी पासपोर्ट, मग आरती, मग नवरा-बायकोची आधार कार्डे, मग माटोळी, असे ते एकात एक मिसळलेले होते. मागे मागे जाताना सहा वर्षांपूर्वीचे पाहुणेही सापडले. नवीन फोन घेताना जुना तसाच विकला होता. एका फोनमध्ये एवढ्या अनोळखी माणसांचे पत्ते, जन्मतारखा आणि क्रमांक आपण बाळगून आहोत आणि ती जबाबदारी आहे, हे त्याच्या ध्यानातही आलेले नव्हते. धंद्यासाठी माहिती घेतली की ती घरगुती राहत नाही. ती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरणे, सुरक्षित ठेवणे आणि दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवायला सांगितले नसेल, तर काम संपल्यावर पुसून टाकणे, हे कायद्याला अपेक्षित आहे. गोव्यातली खोली भाड्याने देणारी घरे, भाड्याच्या दुचाकीवाले, शिकवणी वर्ग, दवाखाने, पतसंस्था हे सगळे यात येतात. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी तर पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी, आणि आपल्याकडे मुलांचे गुणपत्रक फोटोसकट ग्रुपवर टाकण्याची चढाओढ असते.

संमतीबद्दलही दोन्ही टोकांचे बोलले जाते. ‘माझ्या संमतीशिवाय कोणालाच माझी माहिती वापरता येणार नाही’ हे बरोबर नाही. सरकारी अनुदान किंवा लाभ देण्यासाठी, वैद्यकीय आणीबाणीत आणि आणखी काही कारणांसाठी कायद्याने संमतीची अट ठेवलेली नाही, म्हणून गृह आधार योजनेचा अर्ज करणारीला तिथे नकाराधिकार आहे, असे समजू नये. पुसून टाकण्याचा हक्कही सर्वत्र चालत नाही. बँकेला ग्राहकाची ओळखीची कागदपत्रे खाते बंद झाल्यावरही पाच वर्षे ठेवावीच लागतात. मात्र जिथे संमती घ्यायची आहे, तिथे ती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती आणि समजून दिलेली असली पाहिजे, आणि ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे. त्यासाठीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. त्यात मराठीही आहे आणि कोकणीही. ही एक तरतूद जरी गोमंतकीयांनी मागून घेतली, तरी इंग्रजी अटींखाली डोळे मिटून ठोकलेले ‘मान्य’ कितीतरी कमी होईल.

यांतल्या बहुतेक जबाबदाऱ्या अजून लागू झालेल्या नाहीत, हे सांगायला हवे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांत संस्थांना अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. माहिती अधिकाराची दुरुस्ती मात्र तत्काळ लागू झाली. नागरिकाला विचारण्यापासून अडवणारा भाग पहिल्या दिवशी आला आणि त्याला जपणारा भाग दीड वर्षाने यायचा आहे. हा क्रम उलट असता, तर लोकांचा गैरसमजही इतका वाढला नसता. आणखी एक गोष्ट: माहिती फुटली तर आपल्याला भरपाई मिळेल, अशी अनेकांची समजूत आहे. नव्या कायद्यातला दंड भारताच्या संचित निधीत जमा होणार आहे, ज्याचे नुकसान झाले त्याला त्यातून काही मिळणार नाही. २०१९ च्या विधेयकात भरपाईची तरतूद होती. ती पुढे राहिली नाही.

‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारते की, आपल्या घराला ओसरी आणि माजघर वेगळे का असते? ओसरीवर आलेल्याला आपण पाणी विचारतो, गप्पा मारतो. म्हणून तो सरळ आत जाऊन कपाट उघडत नाही. कपाटात चोरीचा माल असतो, असे त्यामुळे कोणी म्हणत नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या बाईंकडेही लपवण्यासारखे काही नसणार. पण ‘मी तुमच्या बँकेतून बोलतो’ असे सांगणाऱ्या भामट्याला तिची जन्मतारीख, नवऱ्याचे नाव आणि पत्ता आधीच ठाऊक असेल, तर ती त्याच्यावर विश्वास ठेवील आणि ओटीपी सांगून बसेल.

संपादक महोदय, आपल्याला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या बातम्यांत आणि लेखांत नागरिकाच्या या हक्कासाठी ‘गोपनीयता’ऐवजी ‘खासगीपण’ हा शब्द वापरावा आणि गोपनीयता हा शब्द सरकारी कारभारापुरताच ठेवावा. दुसरी, आधारचे पहिले आठ अंक झाकून शेवटचे चारच दाखवणारी प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून फुकट कशी काढायची, बोटांचे ठसे कुलूपबंद कसे करायचे आणि पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार कशी करायची, हे एका चौकटीत, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावे. गावोगावच्या झेरॉक्स दुकानांत ती चौकट कापून लावता येईल. आमच्या बाजारातल्या दुकानात ती मी स्वतः नेऊन लावीन. त्या मुलाशी माझे बोलणे झाले आहे. खोक्यातले कागद त्याने माझ्यासमोर फाडले आणि आता तो हिशेब कोऱ्या चिठ्ठीवर करतो.

त्या बांधकामाच्या परवान्याची प्रत आणि मंजुरीच्या बैठकीचे इतिवृत्त मागणारा अर्ज मी गेल्या सोमवारी पंचायतीत दिला आहे. त्यात कलम ४ आणि कलम ८(२) यांचा उल्लेख केला आहे, परवाना मागणाऱ्याचा फोन क्रमांक किंवा बँकेचा तपशील असल्यास तो कलम १० प्रमाणे खोडून बाकीचे द्यावे, असेही लिहिले आहे. दहा रुपये भरून पोच घेतली आहे. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. न आल्यास पहिले अपील करणार आहे आणि तिथेही न मिळाल्यास पणजीला राज्य माहिती आयोगाकडे जाणार आहे. तो प्रश्न विचारणारा तरुण अर्ज देताना माझ्याबरोबर होता. पुढच्या ग्रामसभेत तो पुन्हा उभा राहील तेव्हा मीही त्याच्या शेजारी उभी असेन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कर्मचारी,
डिचोली